जोडकणांची साक्ष



माघी पौर्णिमेची उळवीची जत्रा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. बेळगाव, धारवाड, हावेरीकडून बैलगाड्यांच्या रांगा येतात आणि जोयडा तालुक्याचे एरवी निःशब्द असणारे रान घुंगरांनी भरून जाते. कल्याणच्या रक्तपातानंतर षट्स्थलचक्रवर्ती चन्नबसवण्णा शरणांना घेऊन ज्या अरण्यात आले, ते हे अरण्य. त्यांची समाधी इथेच आहे. २०२३ सालच्या जत्रेत आम्ही इथे एक प्रवचन केले. त्या प्रवचनातील पाचच मिनिटांविषयी आज लिहावयाचे आहे. ती पाच मिनिटे आम्ही गप्प राहिलो असतो तर बरे झाले असते.

झाले ते असे. आदल्या वर्षी, म्हणजे २०२२ साली, पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक फ्रान्सचे आलँ आस्पे, अमेरिकेचे जॉन क्लाउझर आणि ऑस्ट्रियाचे आंटोन त्साइलिंगर या तिघांना विभागून मिळाले होते. एकत्र जन्मलेल्या आणि मग दूर गेलेल्या प्रकाशकणांवरचे प्रयोग हे त्यांचे काम. वर्तमानपत्रातील एक स्फुट आमच्या वाचनात आले होते. त्याच्या जोरावर आम्ही भरसभेत म्हणालो, ‘‘पाहा, विज्ञानानेही आता मान्य केले. दोन कण एकदा एकत्र आले की ते कितीही दूर गेले तरी एकच राहतात. एकाला स्पर्श करा, दुसऱ्याला त्याच क्षणी कळते. मग गुरूचा संकल्प शिष्यापर्यंत आणि आईचा जप लेकरापर्यंत का पोचणार नाही?’’ टाळ्या पडल्या. त्या आम्हाला गोड लागल्या, हेही लपवीत नाही.

पुढच्या वर्षीच्या जत्रेत, दासोहाची पंगत उठल्यावर, जोयड्याकडच्या एका वाडीतील एक वृद्ध माउली आमच्यापुढे येऊन बसल्या. त्यांचा मुलगा गोव्यात वास्कोला मजुरीला होता. त्याला साखरेचा आजार. पायाला जखम झाली, सूज आली, आणि शेजाऱ्याच्या फोनवर निरोप आला. मुलगा दवाखान्याला भिणारा; ऐकायचा तो फक्त आईचे. एरवी त्या दुसऱ्याच दिवशी निघाल्या असत्या आणि त्याला हाताला धरून डॉक्टरांकडे नेले असते. पण आमचे प्रवचन त्यांच्या कानात ताजे होते. त्या आठ दिवस इष्टलिंगापुढे बसल्या. नवव्या दिवशी दुसरा निरोप आला. मुलगा वाचला, उजवा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

त्या तक्रार घेऊन आल्या नव्हत्या. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘अप्पाजी, मी आठ दिवस बसले. तिकडं काय पोचलंच नाही. माझंच मन कमी पडलं काय हो?’’

वाचकहो, त्या प्रश्नाने आम्ही जे हललो ते अद्याप सावरलेलो नाही. आम्ही एक विधान केले होते. ते खोटे निघाले, तेव्हा दोष आमच्या विधानाकडे न जाता त्या माउलीच्या भक्तीकडे गेला. विधान करणारा सुटला आणि विश्वास ठेवणारी पापी ठरली. असे पुढे होऊ नये म्हणून हे जोडकणांचे प्रकरण मुळातून समजून घ्यावे, असे आम्ही ठरविले. आमचे शिक्षण संस्कृत पाठशाळेतील. पदार्थविज्ञान मराठी शाळेत जेवढे झाले तेवढेच. म्हणून पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या एका तरुण भक्ताला श्रीमठात बोलावून विद्यार्थ्यासारखे त्याच्यासमोर बसलो. तो आमच्या पाया पडायचा आणि मग आमच्या चुका काढायचा. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी वाद काय होता ते पाहू. काळी नदीवर सुप्याचे धरण झाले तेव्हा जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. आज ते गाव कुणाला दिसत नाही. तरी गाव होते तिथे पाण्याखाली त्याच्या खुणा आहेत, आपण पाहिल्या काय, न पाहिल्या काय, असे आपण सगळेच धरून चालतो. वस्तू आपल्या जागी, आपल्या गुणांसह, आपण विचारण्यापूर्वीच असते. आइन्स्टाइन यांचा आग्रह हाच होता. पण पुंजयामिकी, म्हणजे ज्याला लोक क्वांटम सिद्धांत म्हणतात तो, कणाविषयी असे सांगत नाही. विचारण्यापूर्वी कणाच्या अंगी ठरलेले उत्तर असते असे तो गृहीत धरत नाही. अमुक प्रश्नाला अमुक उत्तर येण्याचा संभव किती, एवढेच तो देतो. १९३५ मध्ये आइन्स्टाइन यांनी पोडोल्स्की आणि रोझेन या सहकाऱ्यांसह दाखविले की, एकत्र जन्मलेल्या दोन कणांचा विचार केला तर या सिद्धांतात काहीतरी राहून गेले आहे असेच म्हणावे लागते. एका कणाला इथे विचारले की दूरच्या दुसऱ्याचे उत्तर आपल्याला नेमके कळते. मग ते उत्तर त्याच्यापाशी आधीपासूनच असले पाहिजे, नाहीतर इथल्या विचारण्याचा परिणाम तिथे तत्क्षणी झाला असे म्हणावे लागेल. नील्स बोर यांनी उत्तर दिले. दोघेही थोर, दोघेही हट्टी. बहुतेक शास्त्रज्ञांनी हा वाद रिकामटेकड्या तत्त्वज्ञांचा म्हणून सोडून दिला आणि आपापल्या गणितांकडे वळले.

तीस वर्षांनी, १९६४ मध्ये, जॉन बेल नावाच्या आयर्लंडच्या माणसाने हा वाद चव्हाट्यावर आणला. उत्तर आधीपासून असते की नाही, हे नुसत्या चर्चेने नव्हे तर मोजून ठरविता येईल, असे त्यांनी दाखविले. त्यांची युक्ती आपण आपल्याच मुलखातील उदाहरणाने पाहू. इथे थोडे सावकाश वाचावे.

कॅसलरॉक हे रेल्वेचे ठाणे याच जोयडा तालुक्यात आहे. एके काळी इंग्रजी मुलूख इथे संपे आणि पुढे घाट उतरला की पोर्तुगीजांचा गोवा लागे. समजा, दोन भाऊ कॅसलरॉकला एकत्र आहेत. एक गाडीत बसून घाट उतरून कुळेला जातो, दुसरा उलट बाजूला लोंढ्याला. दोन्ही ठिकाणी एकेक पंच बसला आहे. पंचांपाशी तेच तीन प्रश्न आहेत. भाऊ समोर आला की पंच चिठ्ठी टाकून तिघांपैकी एकच प्रश्न काढतो आणि विचारतो. भावाने फक्त होय किंवा नाही म्हणायचे. असे हजारो वेळा करायचे आणि वहीत लिहून ठेवायचे.

दोन्ही वह्या जुळवून पाहता पहिली गोष्ट ही दिसते की, दोन्ही पंचांनी तोच प्रश्न विचारला असेल तेव्हा दोघा भावांचे उत्तर दर वेळी एकच येते. आपण लगेच म्हणू, यात नवल ते काय? कॅसलरॉकलाच दोघांनी ठरविले असणार. तीन प्रश्नांची तीन उत्तरे एका चिठ्ठीवर लिहून एकेक प्रत खिशात घातली असणार. खडावांच्या जोडीतील एक गोव्याला आणि एक बेळगावला पाठविली, आणि गोव्यात डावी निघाली, तर बेळगावला उजवी आहे हे न पाहता कळते. त्यात ना चमत्कार, ना संकल्प. आइन्स्टाइन यांचे म्हणणे थोडक्यात हेच होते: कणांच्या खिशात चिठ्ठी आहे, फक्त ती वाचण्याइतका तुमचा सिद्धांत पुरा नाही.

आता बेल यांचा मुद्दा. प्रश्न तीन आणि उत्तरे दोनच प्रकारची. तीन बैल दोन गोठ्यांत बांधायचे तर कोणत्या तरी एका गोठ्यात दोन बैल येणारच. म्हणजे चिठ्ठीवर काहीही लिहिलेले असो, तीनपैकी निदान दोन प्रश्नांची उत्तरे सारखी असणारच. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, पहिला-तिसरा अशा तीन जोड्यांपैकी निदान एक जोडी जुळणार. तेव्हा पंचांनी वेगवेगळे प्रश्न विचारले असतील अशा वेळा बाजूला काढल्या, तर त्यांत शंभरात निदान ३३ वेळा उत्तरे जुळली पाहिजेत. तिन्ही उत्तरे सारखी लिहिली असतील तर शंभरच्या शंभर जुळतील. पण पुष्कळ वेळा मोजल्यावर ३३ च्या खाली काही जाणार नाही. भाऊ कितीही चतुर असोत, चिठ्ठी कशीही लिहोत.

निसर्गाचे भाऊ शंभरात २५ वेळाच जुळतात.

प्रकाशकणांच्या बाबतीत तीन प्रश्न म्हणजे कंपनाच्या तीन दिशा, एकमेकींशी ६० अंशांच्या कोनात. उन्हाच्या काही चष्म्यांत असते तशी एक विशिष्ट काच त्या दिशेने धरायची. कण पार गेला तर होय, अडला तर नाही. या कोनाला उत्तरे जुळण्याचे प्रमाण पुंजयामिकीच्या गणिताने पाव भाग येते. म्हणजे ३३ विरुद्ध २५. ही आठांची तफावत कितीही किरकोळ दिसो, खिशात चिठ्ठी असेल आणि इकडचा प्रश्न तिकडे पोचत नसेल तर ती येऊच शकत नाही. आम्हाला हे पटायला तीन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या संध्याकाळी आम्ही स्वतः आठही प्रकारच्या चिठ्ठ्या पाटीवर लिहून पाहिल्या आणि एकही चिठ्ठी ३३ च्या खाली उतरेना, तेव्हा पाटी बाजूला ठेवून बराच वेळ नुसते बसून राहिलो. आपणही एकदा लिहून पाहावे. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबण्याची गोष्टच नाही ही.

खऱ्या प्रयोगशाळेतील उपकरणे इतकी निर्दोष नसतात. म्हणून क्लाउझर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये बेल यांचा कस प्रयोगाला सोसेल अशा रूपात मांडला. त्यात मोजमापांवरून एक संख्या काढतात. चिठ्ठीवाल्या भावांची ती संख्या २ च्या वर जाऊ शकत नाही. पुंजयामिकीप्रमाणे ती सुमारे २.८२८ पर्यंत जाऊ शकते. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कली येथे क्लाउझर आणि स्टुअर्ट फ्रीडमन यांनी कॅल्शियमच्या अणूंतून निघणाऱ्या प्रकाशकणांच्या जोड्यांवर पहिला प्रयोग केला. सुमारे दोनशे तासांची मोजणी. निकाल पुंजयामिकीच्या बाजूने लागला.

इथे एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली आहे. क्लाउझर यांची इच्छा आइन्स्टाइन खरे ठरावेत अशी होती. बेल यांचाही ओढा आइन्स्टाइनकडेच होता. आपल्याला प्रिय असलेल्या मताला हरविता येईल असे यंत्र त्यांनी आपल्याच हातांनी उभे केले, आणि मत हरले तेव्हा तसे लिहून जाहीर केले. त्याच सुमारास हार्वर्डमध्ये झालेल्या एका प्रयोगाचा निकाल उलटा आला होता, क्लाउझर यांना हवा होता तसा. त्याचा आधार घेऊन स्वस्थ बसता आले असते. पण १९७६ मध्ये क्लाउझर यांनी पाऱ्याच्या अणूंवर तो प्रयोग पुन्हा केला, आणि उत्तर पुन्हा पुंजयामिकीचेच आले. आपल्या मठांतून, आणि आमच्या मठासह म्हणतो, असे किती वेळा होते? आपल्याला हवा तो दाखला मिळाला की आपण व्यासपीठाकडे धावतो.

तरीही संशयाला जागा होत्या, आणि संशय घेणारे शत्रू नव्हते. पहिला संशय: भावांनी वाटेत एकमेकांना फोन केला तर? त्यावर उपाय म्हणजे गाडी सुटल्यावर, अगदी शेवटच्या क्षणी, प्रश्न निवडायचा. इतक्या उशिरा की प्रकाशाच्या वेगाने गेला तरी निरोप पोचू नये. आस्पे यांनी पॅरिसजवळ ओर्से येथे १९८२ मध्ये कण वाटेत असतानाच प्रश्न बदलण्याची योजना केली. (हा प्रयोग करण्याचा बेत घेऊन तरुण आस्पे बेल यांना भेटायला गेले, तेव्हा बेल यांनी आधी हेच विचारले की, तुमची नोकरी कायम आहे ना? त्या काळी असले प्रश्न घेणाऱ्याचे भवितव्य धोक्यात येई.) त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या एका प्रयोगात ती संख्या २.६९७ आली. १९९८ मध्ये इन्सब्रुक येथे दोन्ही टोके ४०० मीटरवर नेण्यात आली. दुसरा संशय: पुष्कळ कण वाटेत हरवतात, गैरसोयीचा प्रश्न आला की साक्षीदार मुद्दाम गप्प बसत असेल तर? २०१५ मध्ये हॉलंडमधील डेल्फ्ट येथे हिऱ्यांच्या स्फटिकांतील कणांवर १,२८० मीटर अंतर ठेवून असा प्रयोग झाला, ज्यात हे दोन्ही संशय एकाच वेळी दूर झाले. नोंदी २४५ च, पण गप्प बसण्याची मुभा एकालाही नव्हती. संख्या आली २.४२. त्याच वर्षी व्हिएन्ना आणि अमेरिकेतील बोल्डर येथेही तसेच निष्पन्न झाले. २०१७ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी उपग्रहावरून पाठविलेल्या जोड्या १,२०० किलोमीटर दूर असलेल्या दोन ठिकाणी उतरवून हाच कस लावला.

तिसरा संशय सर्वांत खोल आहे. पंचच फितूर असतील तर? चिठ्ठी आपण मोकळेपणाने काढली असे पंचाला वाटते. पण त्याचा हात आणि भावांचे उत्तर दोन्ही कुठेतरी आधीच ठरलेले असेल तर? २०१६ च्या नोव्हेंबरात एक लाखाच्या आसपास सामान्य माणसांनी आपल्या मनाने शून्य आणि एक असे आकडे दाबून जगभरच्या प्रयोगशाळांना प्रश्न निवडून दिले. २०१८ मध्ये अतिदूरच्या क्वेसार नावाच्या ज्योतींच्या प्रकाशावरून प्रश्न निवडले गेले. त्यांतील एकीचा प्रकाश ७८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता. निकाल तोच. तरीही सृष्टीच्या आरंभीच सारे नियत झाले आहे असे कुणी म्हटले, तर त्याला कोणत्याही प्रयोगाने खोडून काढता येत नाही. पंचांग आणि शकुन पाहण्याचे नाकारणारे आपले शरण त्या माणसाच्या पंगतीला बसले नसते, असे आम्हाला वाटते. पण हे आमचे वाटणे आहे, प्रमाण नव्हे.

आपल्या देशातही या विषयावर काम झाले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. एम. रॉय आणि वीरेंद्र सिंह यांनी दोनाहून अधिक कणांच्या समूहाला असा कस कसा लावावा, यावर १९९१ मध्ये शोधनिबंध लिहिला. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत उर्बसी सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचाच एक भाऊबंद प्रयोग केला. त्यात दोन ठिकाणच्या दोघांना न विचारता एकालाच वेगवेगळ्या वेळी विचारतात. त्याचा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जानेवारीत अहमदाबादेत अंतराळ उपयोग केंद्राच्या दोन इमारतींमध्ये, ३०० मीटर अंतरावर, गुंतलेल्या प्रकाशकणांच्या साहाय्याने गुप्त किल्ली वाटून घेण्याचा प्रयोग यशस्वी झाला. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६,००३ कोटी रुपयांहून अधिक तरतूद मंजूर केली आहे. आपल्या घरची मुले या वाटेने गेली तर त्यांना अडवू नये, एवढेच सांगून पुढे जातो.

आता आमच्या चुकीकडे येऊ. आम्ही म्हणालो होतो, एकाला स्पर्श केला की दुसऱ्याला कळते. हे खोटे आहे. कुळ्याच्या पंचाची वही एकटीच उघडा. तीत काय दिसते? निम्मे होय, निम्मे नाही. नाणे उडवावे तसे. लोंढ्याला कोणता प्रश्न विचारला, किंवा काही विचारलेच नाही, याने कुळ्याच्या वहीत रेघेचाही फरक पडत नाही. नवल दिसते ते कुणीतरी गाडीत बसून एक वही दुसऱ्या वहीशेजारी आणून ठेवतो तेव्हा. तोवर कुळ्याच्या पंचाला लोंढ्याची काडीइतकीही बातमी नसते. या वाटेने निरोप जात नाही, हे पुंजयामिकीचेच सांगणे आहे आणि आजवरच्या एकाही प्रयोगाने त्याला छेद दिलेला नाही. अहमदाबादच्या प्रयोगातसुद्धा दोन टोकांच्या वह्या जुळवायला नेहमीचा, साधा संपर्क लागतोच. शिवाय ही जोडी फार नाजूक असते. हवेचा, उष्णतेचा, आसपासच्या इतर कणांचा संसर्ग झाला की ती गुंतवण विरून जाते. ती टिकविण्यासाठी काही प्रयोगांत उपकरणे अतिशय थंड ठेवावी लागतात. आई आणि लेक, गुरू आणि शिष्य यांची उष्ण, श्वास घेणारी शरीरे म्हणजे प्रयोगशाळेतील जोडकण नव्हेत. नाळ एक होती म्हणून त्यांना हा नियम लावणे हे केवळ शब्दसाम्य झाले. आणि शब्दसाम्यावर सिद्धांत उभारू नये, हे तर आम्हाला पाठशाळेत पहिल्या वर्षीच शिकविले होते.

मग या प्रयोगांनी सिद्ध काय केले? आम्हाला समजले ते असे. उत्तर खिशात आधीपासून असते. इथल्या विचारण्याचा तिथे तत्क्षणी परिणाम होत नाही. आणि प्रश्न निवडणारा खरोखर मोकळा असतो. या तिन्ही समजुती एकत्र धरून ठेवता येत नाहीत. एक तरी सोडावी लागते. कोणती, हे प्रयोग सांगत नाही. डेव्हिड बोम यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या मताप्रमाणे कणाला आपली निश्चित जागा विचारण्यापूर्वीही असते, पण मग दूरवरचा परिणाम पत्करावा लागतो. बोर यांच्या वाटेने जाणारे म्हणतात, विचारण्यापूर्वीच्या उत्तराविषयी बोलूच नये. जाणकारांत यावर आजही एकमत नाही. सुप्याच्या पाण्याखालील गावाविषयी आपण जे सहज धरून चालतो, ते प्रकाशाच्या एका कणाविषयी तसेच धरता येत नाही, इतपत मात्र पक्के झाले आहे. आमच्या मते गेल्या शंभर वर्षांत मानवाच्या बुद्धीला इतके विनम्र करणारे दुसरे काही घडलेले नाही. हे ऐकून कुणी म्हणेल, आमच्या शरणांनी हे आठशे वर्षांपूर्वीच सांगितले होते. कृपा करून तसे म्हणू नये. शरणांनी शंभरात २५ हा आकडा सांगितला नव्हता, आणि त्यांचे मोठेपण त्यावर अवलंबूनही नाही. त्यांचा प्रश्न कणाचा नव्हता, माणसाचा होता. तो आज विज्ञानाच्या दाखल्यावाचून अडून बसलेला नाही.

मात्र कसाची गोष्ट आपल्या परंपरेला परकी नाही. अक्कमहादेवी कल्याणला आल्या तेव्हा अल्लमप्रभूंनी त्यांना आधी कठोर प्रश्न विचारले, आणि मग अनुभवमंटपाने त्यांचे स्वागत केले. शून्यसंपादनेत गोरक्षाची कथा येते. त्याने वज्रासारखा देह सिद्ध केला होता. तलवारीचा घाव बसला की खणखणाट होई. प्रभूंच्या देहावर तीच तलवार फिरविली तर ती पोकळीतून जावी तशी आरपार गेली. ही कथा अक्षरशः घ्यावी की कशी, हा वेगळा विषय. पण गोरक्ष स्वतःच्या अंगावर घाव घालू द्यायला तयार होता, हे विसरू नये. आम्ही उळवीच्या व्यासपीठावर जे बोललो त्यावर आम्ही कोणाचा घाव घेतला होता? घाव घेतला त्या माउलीने, आणि तिच्या मुलाच्या पायाने.

विषय पुरता समजल्यावर आम्ही त्या वाडीला गेलो. त्या भागात पावसाळ्यात वाट धड राहत नाही, म्हणून दिवाळीनंतर गेलो. माउलींनी अंगणात घोंगडे अंथरले. आम्ही त्यांना म्हणालो, ‘‘अक्का, तुमचे मन कमी पडले नाही. आमचे बोलणे चुकीचे होते. तुमचा जप त्याच्या पायापर्यंत पोचतो असे विज्ञान सांगत नाही, आणि आम्ही ते तुम्हाला सांगायला नको होते. जप तुम्ही करा. तो तुमचा आणि लिंगाचा प्रश्न आहे. पण त्या दिवशी गाडीत बसून जाणे हेच तुमचे काम होते, आणि तुम्हाला थांबविले ते आम्ही.’’

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, ‘‘म्हणजे ते तुमचे दोन कण एकमेकांला काही सांगत नाहीत?’’

‘‘नाही.’’

‘‘अन् तरी त्यांचं उत्तर जुळतं?’’

‘‘जुळते. इतके जुळते, आणि जिथे जुळायला हवे तिथे इतके कमी जुळते, की मोठमोठ्यांना त्याचा उलगडा होत नाही.’’

त्या थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या. ‘‘हे त्या दिवशी सांगितलं असतं तर मी समजले असते की,’’ त्या म्हणाल्या, आणि उठून ताक आणायला आत गेल्या.

मुलगा आता घरीच असतो. कुबडी टेकीत तो बाहेर आला, आमच्या शेजारी बसला आणि ३३ आणि २५ चा हिशेब पुन्हा एकदा सांगा म्हणाला. अंगणातल्या मातीवर काडीने आम्ही आठ चिठ्ठ्या काढल्या. सातवीवर त्याने आम्हाला थांबविले. ती आम्ही दोनदा लिहिली होती.